उपेक्षित उजवा निलय : फॅलोच्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिकांत हृदयविकारावर एखादा लेख असतोच. परंतु तो बहुधा रक्तवाहिन्यांतील अडथळे, कोलेस्टेरॉल आणि बायपास यांविषयी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूविषयी असतो. एका बालरोगतज्ज्ञ बाईने उजव्या बाजूविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. कारण साधे आहे. लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली मुले आता मोठी झाली आहेत. कोणी नोकरीला लागले, कोणी लग्न करून सासरी गेले. त्यांचे पुढील आयुष्य कसे जाईल हे बऱ्याच अंशी त्यांच्या उजव्या निलयावर ठरणार आहे, आणि ही मंडळी हृदयतज्ज्ञाकडे क्वचितच फिरकतात. ती ताप, खोकला, दातदुखी घेऊन आपल्यापैकीच कोणाकडे तरी येतात. म्हणून हा लेख डॉक्टरांसाठी आहे तसाच समाजातील पालकांसाठीही आहे. काही परिच्छेद तांत्रिक झाले आहेत. ते पालकांनी खुशाल ओलांडून पुढे जावे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. जुन्या मराठी पुस्तकांत हृदयाच्या खालच्या कप्प्याला जवनिका म्हणत, नव्या पुस्तकांत निलय म्हणतात, आणि आमच्या बडोद्याकडील गुजराती पाठ्यपुस्तकांत त्याला क्षेपक असे नाव आहे. रक्त फेकतो तो क्षेपक. नाव अन्वर्थक आहे. मात्र मराठी माणसाला क्षेपक म्हटले की पोथीत मागाहून कोणीतरी घुसडलेली ओवी आठवते. गंमत अशी की, वैद्यकाने उजव्या निलयाला बराच काळ याच दुसऱ्या अर्थाने क्षेपक मानले. असला तर असला, गाळला तरी अर्थ बिघडत नाही!

या समजुतीला आधार होता तो १९४३ सालच्या एका प्रयोगाचा. आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या निलयाची बाहेरील भिंत डागून जवळजवळ निकामी केली; तरी नीलांमधील दाब फारसा वाढला नाही. पुढे १९६८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फोंतां यांनी उजवा निलय वगळून शरीरातील अशुद्ध रक्त थेट फुप्फुसांकडे वळविण्याची शस्त्रक्रिया केली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्यांना एकच कामाचा निलय असतो अशी हजारो मुले त्या शस्त्रक्रियेमुळे आज जगत आहेत. मग उजव्या निलयाची गरज ती काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर असे की, स्टार यांच्या कुत्र्यांची फुप्फुसे निरोगी होती आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध अत्यल्प होता. फोंतां शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनाही निलयावाचून जगण्याची किंमत मोजावी लागते. त्यांच्या नीलांमधील दाब जन्मभर चढा राहतो, यकृत हळूहळू निबर होत जाते, काहींच्या आतड्यांतून प्रथिने गळू लागतात. घरातील न बोलणाऱ्या माणसाचे काम तो अंथरुणाला खिळल्यावर कळते, तसे हे आहे.

डावा निलय जाड भिंतीचा आणि शंकूसारखा असतो. उजवा त्याला कुशीतून वेढणाऱ्या चंद्रकोरीसारखा, पातळ भिंतीचा असतो. प्रौढ माणसात डाव्याचा दाब १२० मिलिमीटरच्या आसपास, तर उजव्याचा जेमतेम २५. दोघेही प्रत्येक ठोक्याला तितकेच रक्त पुढे ढकलतात. फरक समोरच्या ओझ्याचा आहे. उजवा निलय वाढलेले आकारमान पुष्कळ सहन करतो, ताणला जातो, मोठा होतो. वाढलेला दाब मात्र, विशेषतः तो अचानक वाढला तर, त्याला झेपत नाही. शिवाय दोन्ही निलयांमध्ये पडदा एकच, आणि भोवती पिशवीही एकच. उजवा फुगला की मधला पडदा डावीकडे सरकतो आणि डाव्याची भरण्याची जागा कमी होते. उजव्याच्या आकुंचनाचा मोठा वाटाही या पडद्यातून, म्हणजे डाव्याच्या ताकदीतून येतो. म्हणून ‘उजव्या बाजूचा आजार’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. आजार एका बाजूला सुरू होतो, पण तिथेच थांबत नाही.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना उजव्या निलयाचा आदर वाटण्याचे आणखी एक कारण आहे. गर्भात मुख्य पंप तोच असतो. दोन्ही निलय मिळून जे रक्त फेकतात त्यातील निम्म्याहून अधिक उजवा फेकतो. जन्मानंतर फुप्फुसे उघडली की त्याचे ओझे उतरते आणि काही आठवड्यांत त्याची भिंत पातळ होऊ लागते. ज्या बालकाच्या हृदयात दोष असतो त्याच्या बाबतीत ही निवृत्ती घडतच नाही.

आता फॅलोच्या विकाराकडे वळू. मार्सेय येथील आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये या निळ्या आजाराचे चार दोष एकत्र मांडले: निलयांमधील पडद्याला मोठे छिद्र, फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली, आणि उजव्या निलयाची भिंत जाड. जन्मजात हृदयदोषांपैकी सुमारे दहा टक्के दोष या प्रकारचे असतात. आपल्या देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे, तेव्हा या दहा टक्क्यांचा आकडा लहान नाही. एम.डी. करीत असताना, १९९०च्या दशकात, वॉर्डात उकिडवी बसलेली निळी मुले आम्ही नेहमी पाहत असू. दम लागला की ती आपणहून तशी बसत. त्यामुळे पायांकडील रक्ताचा रोध वाढून फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त जाते, हे त्या मुलांना कोणी शिकविलेले नसते.

या मुलांसाठी पहिला मार्ग उघडला तो एका बालहृदयतज्ज्ञ बाईच्या आग्रहामुळे. हेलन टॉसिग यांची कल्पना, विवियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत बसविलेले तंत्र आणि आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे हात, अशा तिघांच्या योगाने बाल्टिमोर येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्यात आली. थॉमस यांचे नाव त्या शस्त्रक्रियेला जोडले जाण्यास पुढे अनेक दशके लागली. हृदय उघडून सर्व दोष एकाच वेळी दुरुस्त करण्याचे श्रेय मिनेसोटाच्या वॉल्टन लिलेहाय यांना जाते. ३१ ऑगस्ट १९५४ रोजी त्यांनी दुसऱ्या माणसाच्या रक्ताभिसरणाच्या आधारावर ती शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने ती केली, आणि मग मार्ग रुळला.

या शस्त्रक्रियेत नेमके काय होते, हे पालकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचे सर्व त्यावरच अवलंबून आहे. पडद्याच्या छिद्रावर ठिगळ लावतात. उजव्या निलयाच्या बाहेर पडण्याच्या वाटेत वाढलेले स्नायू कापून काढतात. वाट तरीही अरुंद राहिली तर फुप्फुसधमनीच्या झडपेचे कडे उभे चिरून तेथेही ठिगळ बसवितात. वाट रुंद होते, निळेपणा जातो, मूल गुलाबी होते. पण ज्या झडपेचे कडे चिरले ती झडप त्यानंतर नीट मिटत नाही. निलयाने पुढे फेकलेल्या रक्तातील काही भाग प्रत्येक ठोक्याला मागे येतो. अरुंदपणा देऊन आपण गळती घेतली, असा हा सौदा आहे. तो योग्यच आहे, कारण त्यावाचून मूल वाचत नाही. परंतु तो सौदा आहे, हे पालकांना क्वचितच सांगितले जाते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उजवा निलय वेगळीच परीक्षा घेतो. जाड, ताठर, नुकताच कापलेला हा स्नायू नीट सैल पडत नाही. १९९५ मध्ये लंडनच्या अँड्र्यू रेडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, काही मुलांमध्ये वरचा कप्पा आकुंचन पावताच रक्त थेट फुप्फुसधमनीत शिरते. निलय इतका ताठर असतो की तो पिशवी न राहता नुसती नळी बनतो. अशा मुलांचे रक्ताभिसरण मंद पडते, अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबतो. येथे श्वसनयंत्राचा दाब हा मित्र आणि शत्रू दोन्ही असतो. छातीतील दाब जितका वाढवावा तितके उजव्या निलयाचे ओझे वाढते. म्हणून शक्य तितक्या लवकर मुलाला स्वतःच्या श्वासावर आणण्याकडे कल असतो. मिलरिनोनसारखी औषधे आणि निवडक रुग्णांत श्वासावाटे दिलेला नायट्रिक ऑक्साइड वायू यांचा उपयोग होतो. तान्ह्या मुलाच्या मानेच्या नीला दिसत नाहीत, पायांना सूज येत नाही. उजव्या निलयाची तक्रार सांगते ते यकृत. दररोज बोटांनी चाचपून बरगडीखाली ते किती उतरले याची नोंद ठेवणारा निवासी डॉक्टर पुष्कळदा मॉनिटरच्या आधी धोका ओळखतो. पापण्यांवरील सूज ही दुसरी खूण.

हाच ताठरपणा पुढे वरदान ठरू शकतो, हे मला या सर्व विषयातील सर्वांत मनोरंजक सत्य वाटते. ज्यांचा निलय अनेक वर्षांनीही थोडा ताठर राहिला त्यांच्यात रक्त मागे येण्यास जागाच कमी असते; त्यांची गळती कमी, निलय लहान आणि व्यायामाची क्षमता चांगली असल्याचे त्याच गटाच्या अभ्यासात दिसले. नंतरच्या सर्व अभ्यासांनी या निष्कर्षाला तितकाच दुजोरा दिला असे नाही. तरीही, पहिल्या आठवड्यात जे हृदय वाईट वाटते तेच तिसाव्या वर्षी चांगले असू शकते, ही शक्यता अंदाज वर्तविणाऱ्याला नम्र करणारी आहे.

आता दीर्घ काळाविषयी. मेयो क्लिनिकमध्ये सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या १६३ रुग्णांचा अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना पार केलेल्या या रुग्णांपैकी ३२ वर्षांनी ८६ टक्के हयात होते. त्याच वयाच्या निरोगी लोकांत हे प्रमाण ९६ टक्के अपेक्षित होते. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. पूर्वी ज्यांतील बहुतेकजण तारुण्य पाहत नसत त्यांच्यापैकी ८६ टक्के तीन दशकांनंतर जगत होते, हे केवढे यश! पण दहा टक्क्यांची तूटही आहेच, आणि त्यातील काही मृत्यू अकस्मात झालेले होते.

असे का व्हावे? गळतीचे रक्त सामावण्यासाठी उजवा निलय वर्षानुवर्षे मोठा होत जातो. तक्रार करीत नाही. ताणलेल्या स्नायूत आणि जुन्या व्रणाभोवती विद्युत्प्रवाह मंदावतो. ईसीजीमधील क्यूआरएसची रुंदी वाढत जाते. मायकेल गॅट्झूलिस आणि सहकाऱ्यांनी सहा केंद्रांतील ७९३ रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. क्यूआरएसची रुंदी १८० मिलिसेकंद वा अधिक असणाऱ्यांत घातक लयबिघाडाचा आणि अकस्मात मृत्यूचा धोका ठळकपणे जास्त होता, आणि अशा रुग्णांत मुळाशी बहुधा झडपेची गळती सापडली. या शस्त्रक्रियेनंतर उजव्या शाखेचा अवरोध जवळजवळ सर्वांनाच असतो, म्हणून ईसीजी पाहणारा ‘जुनाच आहे’ म्हणून पान उलटतो. माझी सहकाऱ्यांना विनंती आहे की, त्यांनी पान उलटण्यापूर्वी रुंदी मोजावी आणि गेल्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहावी. साधा ईसीजी गावोगावी निघतो. या रुग्णांसाठी त्याइतकी स्वस्त आणि बोलकी तपासणी दुसरी नाही.

‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला मात्र अर्थ नाही. ही मुले त्रास सांगत नाहीत, कारण निरोगी असणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसते. माझ्याकडे येणारा एक मुलगा सोळाव्या वर्षीही ‘मी रोज क्रिकेट खेळतो’ असे अभिमानाने सांगे. खोदून विचारता कळले की तो कायम अंपायर असतो. बडोद्यात आम्हाला आणखी एक उत्तम कसोटी उपलब्ध आहे, ती म्हणजे नवरात्र. ‘गरब्यात यंदा किती वेळ टिकलास? गेल्या वर्षी किती? सोबतच्या मुलामुलींबरोबर फेरी पूर्ण होते, की मध्येच बाहेर येऊन बसावे लागते?’ या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा ट्रेडमिलच्या अहवालाशी जुळतात. अंपायर झालेल्या त्या मुलाला दोन वर्षांत दोनदा गरब्यातून लवकर बाहेर यावे लागले होते. एमआरआयमध्ये त्याचा उजवा निलय डाव्याच्या दुपटीहून मोठा निघाला.

येथे प्रश्न येतो तो झडप कधी बदलावी याचा. पूर्वी रुग्ण दमू लागेपर्यंत वाट पाहत. २०००च्या सुमारास कॅनडातील थेरियन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसले की, फार उशिरा झडप बसविली तर निलय पूर्वस्थितीला येत नाही. ज्यांचा निलय पूर्ण भरलेल्या अवस्थेत शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे १७० मिलिलिटरच्या पुढे गेला होता त्यांच्यापैकी कोणाचाच पुन्हा सामान्य आकाराचा झाला नाही. निरोगी प्रौढात हा आकडा साधारण शंभराच्या आसपास वा त्याखाली असतो. आजच्या मार्गदर्शक तत्त्वांत १६० मिलिलिटर, आणि आकुंचनानंतर उरणारे ८० मिलिलिटर, या सीमारेषा मानल्या जातात. सोबत निलयांची शक्ती, व्यायामक्षमता आणि लयबिघाड यांचाही विचार होतो. पण घाई करण्यातही तोटा आहे. प्राण्यांच्या ऊतीपासून बनविलेली झडप साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकते, मुलांमध्ये त्याहूनही कमी. पंधराव्या वर्षी बसविली तर आयुष्यात आणखी किती वेळा बदलावी लागेल याचा हिशेब पालकांपुढे मांडणे भाग पडते. झडप बदलल्याने निलय लहान होतो आणि दम कमी होतो हे निश्चित. त्याने आयुष्य किती वाढते याविषयी मोठ्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. माझे मत विचाराल तर सीमारेषेच्या किंचित अलीकडे निर्णय घ्यावा, आणि तो एका एमआरआयवर न घेता दोन-तीन वर्षांच्या वाटचालीवर घ्यावा.

दरवेळी छाती उघडावी लागतेच असेही आता राहिलेले नाही. २००० मध्ये पॅरिस येथे फिलिप बोनहॉफर यांनी एका बारा वर्षांच्या मुलाच्या हृदयात मांडीच्या नीलेतून नेऊन झडप बसविली. सुरुवातीच्या या झडपा पूर्वी बसविलेल्या कृत्रिम नळीतच बसत. ठिगळाने रुंद झालेल्या वाटेत त्या सैल पडत. अशा रुंद वाटेसाठी आपोआप उमलणाऱ्या झडपा नंतर आल्या, आणि २०२१ मध्ये त्यांपैकी एकीला अमेरिकेत मान्यता मिळाली. खर्च अद्याप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे.

थोडे सोनोग्राफीविषयी, केवळ डॉक्टरांसाठी. उजव्या निलयाचा आकार एका प्रतलात मावत नाही, म्हणून आपण त्रिदली झडपेचे कडे प्रत्येक ठोक्याला किती खाली सरकते हे मोजून समाधान मानतो. प्रौढात १७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते असामान्य समजतात. नवजात अर्भकात हा आकडा नऊच्या आसपास असतो आणि वयानुसार वाढत जातो. तेव्हा प्रौढांचा निकष बालकांना लावू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हृदयाची पिशवी एकदा उघडली की, निलयाची एकूण शक्ती शाबूत असूनही हे उभे सरकणे कमी होते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर हा एकच आकडा पाहून ‘उजवा निलय निकामी’ असा शेरा मारणे अन्यायाचे होते. त्याच रुग्णाचे पूर्वीचे आकडे, क्षेत्रफळातील बदल, यकृताखालील महानीलेचा आकार आणि शक्य असेल तेव्हा एमआरआय, असे सर्व एकत्र वाचावे.

प्रौढांच्या शस्त्रक्रियांनाही हाच विषय लागू आहे. बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी उजवा निलय दुबळा असेल तर नंतरची गुंतागुंत आणि मृत्यूचे प्रमाण वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरी युरोस्कोर-२ या २०१२ मधील प्रचलित गणनपद्धतीत डाव्या निलयाची शक्ती आणि फुप्फुसधमनीचा दाब यांना स्थान आहे, उजव्या निलयाच्या शक्तीला नाही. माझे प्रौढांचे शल्यचिकित्सक मित्र म्हणतात की ते ती मनातल्या मनात धरतात. मनातल्या गणिताची नोंद होत नाही, एवढेच मी त्यांना म्हणते.

समाजातील वाचकांसाठी जे सांगायचे ते एका मुलीच्या हकिकतीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिची फॅलोची शस्त्रक्रिया पाचव्या वर्षी परगावी झाली होती. दहावीनंतर तिचे येणे थांबले. काही वर्षांनी तिची आई तिला घेऊन आली, तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती आणि जिना चढताना थांबत होती. आईने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘डॉक्टरबाई, तिच्या सासरी काही माहीत नाही. छातीवरच्या खुणेचं लहानपणी गाठ काढली असं सांगितलंय. तुम्ही आपलं दमाचं औषध द्या.’ जुनी फाईल लग्न ठरताच फाडून टाकली होती.

मी दमाचे औषध दिले नाही. गरोदरपणात शरीरातील रक्तद्रव चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतो. चांगली दुरुस्ती झालेल्या बहुतेक स्त्रियांना तो झेपतो आणि त्यांची बाळंतपणे सुखरूप होतात. पण जिची गळती तीव्र आणि निलय फुगलेला आहे तिच्यात उजवे हृदय या काळात थकू शकते. मी मुलीला विश्वासात घेतले, आणि तिच्या संमतीने तिच्या यजमानांना बोलावले. ते ऐकून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘आधी का नाही सांगितलं ते नंतर बघू, डॉक्टर. आता काय करायचं ते सांगा.’ गर्भाच्या हृदयाची तपासणी केली. मातेला असा दोष असल्यास अपत्यात हृदयदोष असण्याची शक्यता सुमारे तीन टक्के असते. बाळाचे हृदय निर्दोष होते. हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून लक्ष ठेवले, विश्रांती आणि मूत्रल औषधे दिली, आणि सदतिसाव्या आठवड्यात बाळंतपण पार पडले. दीड वर्षाने तिची झडप बदलली. त्या वेळी शल्यचिकित्सकाने पहिली गोष्ट मागितली ती जुन्या शस्त्रक्रियेची नोंद. फॅलोच्या शेकडा सुमारे पाच रुग्णांत डाव्या बाजूची एक महत्त्वाची हृदयधमनी उजवीकडून निघून नेमकी त्या ठिगळाच्या जागेवरून जाते. तिच्यात ती तशी आहे की नाही हे फाडलेल्या कागदांत लिहिलेले होते. ते जाणण्यासाठी नव्याने सीटी अँजिओग्राफी करावी लागली.

मुलीच्या लग्नाची काळजी मला कळते. मीही याच समाजात वाढले आहे. पण लपविलेला आजार वेळीच तपासला जात नाही, आणि या आजारात वेळेलाच किंमत आहे. लग्नापूर्वी दोन्ही घरांनी मिळून हृदयतज्ज्ञाकडे एकदा जाऊन आल्याची तीन-चार उदाहरणे माझ्यासमोर आहेत. त्यांपैकी एकही लग्न मोडलेले नाही. अशा तरुण-तरुणींची जनुकीय तपासणीही लग्नाआधी वा निदान अपत्याचा विचार करण्याआधी करून घ्यावी. फॅलोच्या सुमारे पंधरा टक्के रुग्णांत बाविसाव्या गुणसूत्राचा छोटासा तुकडा गळालेला असतो, आणि तो निम्म्या अपत्यांत उतरू शकतो.

दंतवैद्य मित्रांसाठी एक टीप. कृत्रिम झडप बसविलेल्या, किंवा ठिगळाजवळ गळती शिल्लक असलेल्या रुग्णाचा दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे. नुसती जुनी दुरुस्ती आहे, कृत्रिम झडप नाही आणि ठिगळ घट्ट आहे, अशांना सहा महिन्यांनंतर त्याची गरज २००७ पासूनच्या अमेरिकन शिफारशींनुसार उरलेली नाही. मात्र या रुग्णांपैकी कोणाचाही ताप आठवडाभर रेंगाळला तर रक्ताचे कल्चर पाठविल्याशिवाय प्रतिजैविक सुरू करू नये. एकदा गोळ्या सुरू झाल्या की झडपेचा जंतुसंसर्ग ओळखणे दुरापास्त होते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे शाळा-अंगणवाड्यांतून मुले शोधली जातात आणि पुष्कळांची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. हे मोठेच काम आहे. परंतु त्यात लाभार्थी अठरा वर्षांपर्यंतचा असतो, आणि बालरोगतज्ज्ञाच्या दारावरची पाटीही साधारण तिथेच संपते. उजव्या निलयाची कसोटी नेमकी त्यानंतर सुरू होते. मी गेली काही वर्षे अशा प्रत्येक मुलाला सोळाव्या वर्षी एकट्याला बोलावते, आईवडिलांना बाहेर बसविते, आणि त्याच्याच हस्ताक्षरात एका कागदावर लिहून घेते: माझ्या दोषाचे नाव काय, शस्त्रक्रिया कोणत्या साली आणि कोठे झाली, झडपेच्या कड्यावर ठिगळ आहे की नाही, शेवटच्या ईसीजीतील क्यूआरएस किती, पुढचा एमआरआय केव्हा. बहुतेकांना पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही. तास-दीड तास जातो. कागदाची एक प्रत त्याच्या मोबाइलमध्ये, एक त्याच्या पाकिटात आणि एक माझ्या कपाटात राहते. आजवर कपाटात अशा एकेचाळीस प्रती जमल्या आहेत, आणि त्यांतील सहाजणांनी परगावी नोकरीला गेल्यावर तेथील हृदयतज्ज्ञाला तो कागद दाखविल्याचे कळविले आहे.